राष्ट्राध्यक्षांचे घर आणि लोकप्रतिनिधींची किल्ली
(व्याख्यानाचा मजकूर)



20 ऑक्टोबर 2025 रोजी वॉशिंग्टन शहरात व्हाइट हाऊसच्या पूर्व बाजूवर यंत्रांचा पहिला घाव पडला. 1902 साली उभारलेली आणि 1942 साली वाढविलेली ती संपूर्ण बाजू काही दिवसांतच जमीनदोस्त झाली. त्या वेळी अमेरिकेच्या केंद्र सरकारचे बहुतेक कामकाज बंद होते. नव्या आर्थिक वर्षाचा खर्च कायदेमंडळाने मंजूर न केल्यामुळे 1 ऑक्टोबरपासून लक्षावधी सरकारी नोकर एक तर बिनपगारी घरी बसले होते किंवा बिनपगारी कामावर येत होते. नोव्हेंबर उजाडला तेव्हा गरीब कुटुंबांना अन्नखरेदीसाठी मिळणारे सरकारी साहाय्यही अडले. सुमारे 4 कोटी 20 लाख माणसे तेव्हा या साहाय्यावर घर चालवीत होती. त्यांच्या घासासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. कायदेमंडळाची मंजुरी नाही, सबब तिजोरीतून पैसा काढता येत नाही, असे कारण सांगण्यात आले. व्हाइट हाऊसच्या आवारातील पाडकाम मात्र चालूच राहिले.

एकाच देशात, एकाच महिन्यात, अन्नाला मंजुरी लागते आणि नृत्यदालनाला ती लागत नाही, हे कसे घडले, हा या व्याख्यानाचा विषय आहे. त्याचे उत्तर केवळ डोनाल्ड ट्रंप यांच्या स्वभावात शोधणे सोपे आहे आणि अमेरिकन वृत्तपत्रांनी बहुधा तेच केले. परंतु स्वभाव हे राजकीय विश्लेषण नव्हे. राष्ट्रप्रमुखांच्या निवासस्थानात काय मोडावे, काय बांधावे आणि किती खर्च करावा, यावर लोकप्रतिनिधींचा अंकुश कोणत्या मार्गाने येतो आणि कोणत्या वाटेने निसटतो, हे पाहिले म्हणजे 2025 ची घटना आकाशातून पडलेली नव्हती हे ध्यानात येते.

एक खुलासा आधी केला पाहिजे. अमेरिकेच्या कायदेमंडळाचे नाव ‘काँग्रेस’ आहे. घोटाळा होऊ नये म्हणून येथे त्याला कायदेमंडळच म्हटले आहे. सिनेट आणि प्रतिनिधीगृह ही त्याची दोन सभागृहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात असे बंधन आहे की, कायद्याने विनियोग झाल्याखेरीज तिजोरीतून एक छदामही काढता येणार नाही. राजाला पैसा हवा असेल तर त्याने लोकसभेपुढे हात पसरला पाहिजे, या तत्त्वासाठी इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात यादवी युद्ध झाले आणि एका राजाचे शिर उडाले. तेथून हे तत्त्व अटलांटिक ओलांडून गेले. भारताच्या संविधानातील विनियोग विधेयकाची तरतूद याच कुळातली आहे. भारतात मात्र राष्ट्रपतींचे वेतन, भत्ते आणि त्यांच्या पदाशी संबंधित खर्च हा संचित निधीवर ‘भारित’ असतो. संसदेत त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. अमेरिकेत तशी मुभा नाही. राष्ट्राध्यक्षांच्या घरातील देखभाल, दुरुस्ती आणि फेरफार यांचा पैसाही दरवर्षी कायदेमंडळाकडूनच मंजूर करून घ्यावा लागतो. म्हणजे कागदावर तरी किल्ली लोकप्रतिनिधींच्या कमरेला आहे.

ही किल्ली खरोखर कशी चालते हे पाहावयाचे असेल तर हॅरी ट्रुमन यांच्या कारकीर्दीकडे वळले पाहिजे. ट्रुमन हे अणुबाँबचे आणि शीतयुद्धाचे राष्ट्राध्यक्ष. त्यांच्याविषयी या व्यासपीठावर ममत्व असण्याचे कारण नाही. पण घराच्या बाबतीत त्यांची कारकीर्द फार बोधप्रद आहे.

1946 साली ट्रुमन यांनी व्हाइट हाऊसच्या पश्चिमेकडील कचेऱ्यांचा मोठा विस्तार करण्याची योजना मांडली. कायदेमंडळाने आधी पैसा मंजूर केला. परंतु योजनेची चित्रे वृत्तपत्रांत आली, वास्तुशास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी ओरड केली, तेव्हा त्याच कायदेमंडळाने मंजूर केलेला निधी परत घेतला. योजना तेथेच संपली. राष्ट्राध्यक्ष चरफडले असतील, पण करू काही शकले नाहीत.

ट्रुमन यांनी यातून जो धडा घेतला तो मात्र वेगळाच होता. पुढच्या वर्षी त्यांना दक्षिणेकडील स्तंभमंडपात दुसऱ्या मजल्यावर एक सज्जा हवासा वाटला. वॉशिंग्टनमधील सार्वजनिक वास्तूंबाबत सल्ला देण्यासाठी कायदेमंडळाने 1910 साली ललितकला आयोग स्थापन केला होता. त्याने विरोध केला. ट्रुमन यांनी सल्ला बाजूला सारला आणि कायदेमंडळाकडे पैसा मागितलाच नाही. सुमारे 16 हजार डॉलरांचे ते काम घरखर्चासाठी आधीच मिळालेल्या रकमेत भागवून घेतले. 1948 साली सज्जा उभा राहिला आणि 20 डॉलरच्या नोटेवरील व्हाइट हाऊसचे चित्रसुद्धा त्याप्रमाणे बदलावे लागले. रक्कम क्षुल्लक होती. पण ज्या खर्चाला मागणी करावी लागत नाही त्या खर्चाला जाबही द्यावा लागत नाही, ही गोष्ट तेव्हाच उघड झाली होती.

आणि याच सुमारास ते घर खचत असल्याचे आढळले. 1948 साली राष्ट्राध्यक्षांच्या कन्येच्या पियानोचा पाय तक्तपोशीतून खाली गेला. झुंबरे हलत होती, छत वाकले होते. अभियंत्यांनी तपासणी केली तेव्हा मोठ्या घरचा पोकळ वासा ही म्हण अक्षरशः खरी ठरली. नळ, तारा आणि वाफेच्या नळ्या नेण्यासाठी लाकडी तुळया पिढ्यान्‌पिढ्या कोरून काढल्या होत्या. त्यात भर म्हणून 1927 साली वरच्या मजल्याचे पोलाद व काँक्रीट यांचे ओझे आतल्या जुन्या विटांच्या भिंतींवर चढविले होते. प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने आपल्या सोयीपुरती डागडुजी केली आणि संपूर्ण वास्तूकडे कोणीच पाहिले नाही, त्याचा हा परिपाक. नोव्हेंबर 1948 मध्ये ट्रुमन कुटुंब रस्त्यापलीकडील ब्लेअर हाऊसमध्ये राहावयास गेले.

येथून पुढचा भाग विस्ताराने सांगण्याजोगा आहे. एवढे मोठे काम घरखर्चातून उरकता येण्यासारखे नव्हते. पैसा मागावाच लागला आणि पैशाबरोबर देखरेखही आली. एप्रिल 1949 मध्ये कायदेमंडळाने खास कायदा करून सहा सदस्यांचा आयोग नेमला. दोन सिनेटमधले, दोन प्रतिनिधीगृहातले आणि दोन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. सिनेटर केनेथ मॅकेलर हे अध्यक्ष झाले. ते राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे, पण सिनेटच्या विनियोग समितीचे मुरलेले धुरीण होते. त्यांच्या जोडीला विरोधी पक्षाचे सिनेटर एडवर्ड मार्टिन होते. प्रतिनिधीगृहातूनही दोन्ही पक्षांचा एकेक सदस्य आला. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या दोघांपैकी एक अभियंता, दुसरा वास्तुशास्त्रज्ञ. म्हणजे ज्याला त्या घरात राहावयाचे होते त्याच्या माणसांकडे बहुमत नव्हते. 54 लाख डॉलर मंजूर झाले.

पहिलाच वाद मोठा होता. सगळी वास्तू पाडून हुबेहूब नवी बांधणे सोपे आणि कदाचित स्वस्तही पडेल, असे कायदेमंडळातील काही वजनदार मंडळींचे मत होते. उलट बाजूने, बाहेरच्या दगडी भिंती उभ्याच राहिल्या पाहिजेत, असा आग्रह होता. आयोगाने तज्ज्ञांची मते ऐकली आणि 1949 च्या उन्हाळ्यात भिंती राखण्याचा निर्णय घेतला. निविदा मागवून फिलाडेल्फियाच्या कंत्राटदाराला काम दिले. भिंतींखाली खोल खणून नवा पाया घातला, आतली सारी वास्तू उतरवून पोलादाचा सांगाडा उभारला. त्या काळची छायाचित्रे पाहणाऱ्याला धक्का बसतो. चारी बाजूंना भिंती, त्यांत खिडक्या जागच्या जागी, आणि मध्ये एखाद्या खाणीसारखी पोकळी. मातीकामाचे यंत्र आत नेण्यासाठी भिंतीला मोठे भगदाड पाडावे लागले असते. ते टाळण्यासाठी यंत्राचे सुटे भाग करून आत नेले आणि तेथे पुन्हा जोडले.

हा सारा कारभार निर्दोष होता, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. आयोगाच्या बैठकांमुळे कामाला वेळ लागला आणि ट्रुमन वैतागत राहिले. 1950 साली कोरियातील युद्ध सुरू झाल्यावर साहित्य महागले. खर्च सुमारे 57 लाख डॉलरांवर गेला. वाढीव रकमेसाठी पुन्हा कायदेमंडळापुढे जावे लागले. शेवटी शेवटी पैसा आणि वेळ दोन्ही कमी पडू लागल्याने जुन्या घराचे बरेचसे मूळ लाकूडकाम परत न बसविता फेकून दिले गेले, याची हळहळ इतिहासाचे अभ्यासक करतात आणि ती रास्त आहे. तथापि कोणती वीट कोठे गेली हे विचारता येण्याजोगे एक ठिकाण अस्तित्वात होते. जुन्या विटा, खिळे, लाकडाचे तुकडे आठवण म्हणून नागरिकांना माफक दराने विकण्याची योजनासुद्धा आयोगाच्याच नियमांनी चालली. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या छायाचित्रकाराने कामाचा टप्प्याटप्प्याने आलेख ठेवला. 27 मार्च 1952 रोजी ट्रुमन परत राहावयास आले आणि आयोगाने आपला अहवाल प्रसिद्ध केला.

ही झाली किल्ली चालल्याची हकिकत. आता ती न चालल्याच्या हकिकती पाहावयाच्या.

रिचर्ड निक्सन यांच्या बाबतीत वास्तू अधिकृत नव्हती, खासगी होती. कॅलिफोर्नियात सान क्लेमेंट येथे आणि फ्लोरिडात की बिस्केन येथे त्यांची घरे होती. तेथे सरकारी पैशाने काय काय झाले याची विचारणा 1973 साली सुरू झाली तेव्हा आधी किरकोळ आकडा सांगण्यात आला. तो फुगत फुगत ऑगस्ट 1973 पर्यंत 1 कोटी डॉलरांच्या आसपास पोहोचला. प्रतिनिधीगृहाच्या शासकीय कामकाज समितीने, जॅक ब्रुक्स यांच्या पुढाकाराने, कागद मागविले, अधिकाऱ्यांना समोर बसविले आणि 1974 च्या अहवालात सर्व संबंधित खर्च धरून 1 कोटी 70 लाखांचा हिशेब मांडला. घर उबदार ठेवण्याची यंत्रणासुद्धा ‘सुरक्षा’ या शीर्षाखाली गेली होती. सुरक्षा हा शब्द उच्चारला की प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरतो, ही युक्ती सर्वच सत्ताधाऱ्यांना पाठ असते. परंतु समितीने ऐकले नाही. 1976 साली कायदा झाला. राष्ट्राध्यक्षांनी ठरविलेल्या एका खासगी मालमत्तेपलीकडे सुरक्षेसाठी ठराविक मर्यादेबाहेर खर्च करावयाचा तर दोन्ही सभागृहांच्या विनियोग समित्यांचे ठराव लागतील, असे बंधन घातले. वॉटरगेटच्या वादळात हे प्रकरण झाकले गेले, पण देखरेखीच्या दृष्टीने ते कमी महत्त्वाचे नाही. येथेसुद्धा पैसा तिजोरीतला होता, म्हणूनच समितीला धागा सापडला. शिवाय प्रतिनिधीगृहात बहुमत विरोधी पक्षाचे होते, हेही विसरून चालणार नाही.

साथींनो, 2025 मध्ये तो धागाच कापला गेला.

31 जुलै 2025 रोजी योजना जाहीर झाली. 90 हजार चौरस फुटांचे बांधकाम. मुख्य निवासस्थान सुमारे 55 हजार चौरस फुटांचे आहे, यावरून प्रमाणाची कल्पना यावी. खर्च 20 कोटी डॉलर. असलेल्या इमारतीला धक्का लागणार नाही, असे आश्वासन राष्ट्राध्यक्षांनी स्वतः दिले. ऑक्टोबरात खर्च 30 कोटी झाला आणि पूर्वेकडील बाजू पाडली गेली. डिसेंबरात आकडा 40 कोटींवर गेला. पाच महिन्यांत खर्च दुप्पट. ट्रुमन यांना तीन लाखांच्या वाढीसाठी कायदेमंडळापुढे उभे राहावे लागले होते. येथे 20 कोटींच्या वाढीसाठी कोणाकडेही जावे लागले नाही, कारण करदात्याचा एक पैसाही लागणार नाही, सारे देणगीदार देतील, असे सांगितले गेले.

हे देणगीदार कोण? ऑक्टोबरात व्हाइट हाऊसने जी नावे दिली त्यांत अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्ट, शस्त्रास्त्रे बनविणारी लॉकहीड मार्टिन आणि सरकारी खात्यांना संगणकीय यंत्रणा पुरविणारी पॅलँटिर या कंपन्या होत्या. यांपैकी काही सरकारच्या मोठ्या कंत्राटदार आहेत. काहींविरुद्ध सरकारनेच मक्तेदारीचे खटले भरलेले आहेत. गूगलच्या मालकीच्या यूट्यूबचा प्रकार तर अधिकच बोलका आहे. 2021 साली ट्रंप यांचे खाते बंद केल्याबद्दलचा दावा सप्टेंबर 2025 मध्ये 2 कोटी 45 लाख डॉलरांना मिटविण्यात आला आणि त्यांतील 2 कोटी 20 लाख या नृत्यदालनाच्या निधीत जमा करण्याचे ठरले. दाव्यातील एक पक्ष राष्ट्राध्यक्ष, दुसरा पक्ष सरकारी कारवाईला तोंड देणारी मक्तेदार कंपनी, आणि तडजोडीचे फळ राष्ट्राध्यक्षांच्या अंगणात.

करदात्याचा पैसा वाचला, असे म्हणणारांनी एवढेच पाहावे की, करदात्याचा पैसा लागला असता तर मागणी छापावी लागली असती, समितीपुढे आराखडे ठेवावे लागले असते, विरोधी सदस्याला उभे राहून विचारता आले असते की हे दालन नऊशे माणसांचे हवे की पाचशेंचे. 20 कोटी डॉलर ही अमेरिकेच्या अंदाजपत्रकात समुद्रातील थेंबाइतकी रक्कम आहे. तिजोरीतून ती परवडली नसती असे नाही. तिजोरीचा रस्ता टाळण्यात आला तो रक्कम मोठी म्हणून नव्हे, रस्त्यावर नाके आहेत म्हणून. कंपनीने दिलेले दान हे दोन माणसांमधले असते. त्याची परतफेड कोणत्या कंत्राटात, कोणत्या खटल्याच्या तडजोडीत, कोणत्या नियमाच्या शिथिलीकरणात झाली, हे शोधावयाला कोणतेही अंदाजपत्रक उपलब्ध नसते.

ही पळवाट एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन विधिनिर्मात्यांना दिसली नव्हती असे नाही. 1849 च्या कायद्याने सरकारसाठी आलेला पैसा, तो कोठूनही आलेला असो, तिजोरीतच भरला पाहिजे असे ठरविले. 1912 च्या कायद्याने वॉशिंग्टनमधील केंद्र सरकारच्या सार्वजनिक जागेवर कायदेमंडळाच्या स्पष्ट अनुमतीवाचून कोणतीही इमारत उभारता येणार नाही, असे म्हटले. तेथे पैसा कोणाचा हा प्रश्नच नाही. जमीन लोकांची आहे, एवढे पुरेसे मानले आहे. परंतु राष्ट्रीय उद्यान सेवेला देणग्या स्वीकारण्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे आणि व्हाइट हाऊसचे आवार तिच्या अखत्यारीत येते. याच अधिकाराच्या छत्राखाली आणि एका खासगी विश्वस्त संस्थेच्या द्वारे हा निधी गोळा झाला. चिमुकल्या देणगीसाठी ठेवलेल्या खिडकीतून हत्ती आत आला.

उरलेली नाकी कशी ओलांडली गेली तेही पाहण्यासारखे आहे. राष्ट्रीय राजधानी नियोजन आयोगात दोन्ही सभागृहांच्या देखरेख समित्यांचे अध्यक्ष पदसिद्ध सदस्य असतात. पण आयोगाच्या अध्यक्षपदी राष्ट्राध्यक्षांनी व्हाइट हाऊसमधील आपलाच एक अधिकारी नेमला होता. पाडकाम आमच्या कक्षेत येत नाही, फक्त उभे बांधकाम येते, असा पवित्रा त्याने सप्टेंबरात घेतला. म्हणजे जुने घर पाडावयाला परवानगी नको, रिकाम्या जागेवर काय बांधावे यावर मात्र आयोगाने मत द्यावे! ललितकला आयोगाच्या सहाही सदस्यांना ऑक्टोबरच्या अखेरीस काढून टाकण्यात आले. ट्रुमन यांनीही या आयोगाचे ऐकले नव्हते आणि त्याच्या अध्यक्षांना पुन्हा नेमले नव्हते. पण त्यांनी निदान मुदत संपण्याची वाट पाहिली होती. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा 1966 चा कायदा आहे, परंतु त्यातून व्हाइट हाऊस वगळलेले आहे. आणि कोणी वगळले? कायदेमंडळाने. त्याच कलमात त्याने आपले स्वतःचे भवन आणि सर्वोच्च न्यायालयाची इमारतही वगळून घेतली. स्वतःच्या घराला सूट हवी असणाऱ्याने शेजाऱ्याला सूट दिली, तिचे फळ साठ वर्षांनी मिळाले.

कायदेमंडळ त्या वेळी काय करीत होते? दोन्ही सभागृहांत राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे बहुमत होते. समित्यांची अध्यक्षपदे, साक्षीदारांना बोलाविण्याचा आणि कागद हजर करविण्याचा अधिकार बहुमताच्या हाती असतो. अल्पमताच्या सदस्यांनी व्हाइट हाऊसला आणि देणगीदार कंपन्यांना पत्रे लिहिली, देणग्यांचा तपशील मागितला. पत्राला उत्तर देणे न देणे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. 1949 साली विरोधी पक्षाला आयोगात कायद्याने जागा होती. 2025 साली त्याच्या हाती टपालाचे पाकीट होते. बुर्झ्वा लोकशाहीतील अधिकारविभाजनाचे गोडवे पाठ्यपुस्तकांत गाइले जातात. ते विभाजन घटनेच्या कलमांत असते खरे, पण ते चालते की नाही हे सभागृहातील शक्तींच्या समतोलावर आणि सभागृहाबाहेरील लोकांच्या दक्षतेवर ठरते. 1946 साली निधी परत घेतला गेला तो कलमामुळे नव्हे. कलम 1945 सालीही होते. लोक बोलले म्हणून तो परत घेतला गेला.

12 डिसेंबर 2025 रोजी ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने वॉशिंग्टनच्या केंद्रीय न्यायालयात दावा दाखल केला. आवश्यक छाननी आणि कायदेमंडळाची अनुमती होईपर्यंत बांधकाम थांबवावे, ही त्याची मागणी होती आणि आधारांमध्ये 1912 चा तो कायदाही होता. जी गोष्ट लोकप्रतिनिधींनी स्वतः विचारावयाची ती विचारण्यासाठी वास्तुप्रेमींच्या संस्थेला वकील द्यावा लागला. तोपर्यंत पूर्वेची बाजू उरली नव्हती. तेथून निघालेल्या मातीचे ट्रक पोटोमॅक नदीकाठच्या सार्वजनिक गोल्फ मैदानावर रिते होत होते.